कापूस घरी ठेवून: वऱ्हाडातून वसंतातल्या केदारकांठ्याला

एप्रिलचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे वावरं मोकळी, पराटी (कापसाची वाळकी झाडं) उपटून धुऱ्यावर रचलेली आणि पारा ४२ च्या आसपास. शेतकऱ्याला आठ-दहा दिवस घर सोडता येतं ते याच दिवसांत. म्हणून अचलपूर तालुक्यातल्या आम्ही सहाजणांनी हिमालयातला ट्रेकही याच दिवसांत बसवला. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातला केदारकांठा, उंची ३,८१० मीटर, सांकरी गावातून चढायचं आणि सांकरीतच उतरायचं. हिवाळ्यात तिथे थंडी कडक, पण सगळं गोठलेलं असतं, त्यामुळे काय घडणार याचा अंदाज येतो. वसंतात मात्र एकाच दिवसात ऊन, पाऊस, गारा आणि बर्फ असं चारही हाती लागतं. त्या हवेत सर्वांत मोठा धोका थंडीचा नाही, ओलं होण्याचा आहे. आणि ओलं होण्याचा प्रश्न कापसाच्या मुलखातल्या माणसाला कपाटापासूनच सुरू होतो.

कापूस पाणी कसं धरतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर गाडी लागली की आधी ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात. ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, १२ च्या वर गेला तर माल परत. रात्रीच्या दवातला कापूस सकाळी किती जड लागतो हे वेचणाऱ्या बाईला हातानंच कळतं. तोच गुण अंगावरच्या कपड्यात येतो. कोरड्या दिसणाऱ्या सुती कापडातही ८ टक्क्यांच्या जवळपास ओल असते, पॉलिस्टरमध्ये ती अर्धा टक्काही नसते. उन्हाळ्यात हा गुण आपल्याला तारतो, कारण घामानं भिजलेली बंडी वाऱ्यावर अंग थंड ठेवते. ३,००० मीटरवर, ५ अंश तापमानात आणि वाऱ्यात तीच बंडी तेच काम करत राहते. तिथे अंग थंड व्हायला नको असतं.

म्हणून सामान बांधताना आमचा एकच नियम होता: अंगाला लागणारं काहीही सुती नको. जीन्स नको हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती बनियनमध्ये. वरून चांगलं महागाचं जॅकेट आणि आत रोजचं सुती बनियन, अशी तयारी करून येणारे खूप. निघायच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्यांच्या सॅक अंगणात रिकाम्या केल्या आणि लेबल वाचून कपडे वेगळे काढले. सहापैकी चार सॅकमध्ये बनियन निघालं, दोनांत सुती मोजे. आमच्यातले एक भाऊ म्हणाले, बनियनशिवाय अंगाला बरं वाटत नाही. त्यांना कबड्डीच्या स्पर्धेत मिळतात तसले पातळ पॉलिस्टरचे दोन टीशर्ट दिले. खर्च न करता मिळणारा सगळ्यात आतला थर तोच. त्यावर फ्लीस (मऊ, उबदार पॉलिस्टरचं जॅकेट), त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि थांबल्यावर घालायला एक फुगीर जॅकेट. हे फुगीर जॅकेट चालताना घालायचं नाही. चालताना घामानं आतून भिजलं की रात्री ते निकामी.

मोज्यांचे तीन जोड लागतात: दोन चालायला, एक झोपायला. झोपायचा जोड लोकरीचा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, आणि काही झालं तरी त्यात बूट चढवायचा नाही. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्यावेत आणि जाण्याआधी त्यात किमान ६० किलोमीटर चालावं. उतारावर अंगठा पुढे टेकतो की नाही हे दुकानात कळत नाही, घाटातच कळतं.

सॅकच्या वरच्या रेनकव्हरवर विसंबू नये. पाठीकडून पाणी आत येतंच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालायची, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडायचं. खताच्या पोत्यातलं प्लास्टिक धुऊन वापरण्याचा मोह होतो, पण युरिया हवेतली ओल ओढतो आणि कोपऱ्यात राहिलेले दाणे कपडे चिकट करतात. नवी पिशवी घ्यावी. सगळं मिळून ओझं ९ ते १० किलो भरलं पाहिजे. १२ च्या वर गेलं तर काहीतरी काढा.

सरावाला डोंगर कुठून आणायचा, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. आम्हाला मेळघाट जवळ आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट जवळपास ३० किलोमीटरचा, आणि चिखलदरा १,११८ मीटरवर. मार्चमध्ये दर रविवारी पहाटे ५ ला घाटाच्या वरच्या टप्प्यात, फक्त डांबरी रस्त्यानं, दोन-अडीच तास चढायचं आणि तेवढंच उतरायचं. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, आडवाटेला शिरायचं नाही. पाठीवर १० किलो तुरीची डाळ. आठवड्यातले आणखी तीन दिवस गावतलावाची पाळ चढून-उतरून, ४० फेऱ्या. यवतमाळ, वर्धेकडे घाट नसेल तर पाळ किंवा शाळेचा जिनाही चालतो, पण उतरण्याचा सराव चुकवू नका. दम चढताना लागतो, मांड्या आणि गुडघे मात्र उतरताना जातात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलतात, आणि सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी पायरी उतरवत नाही.

नागपूर ते दिल्ली रेल्वे, पुढे देहरादून. तिथून सांकरी सुमारे २०० किलोमीटर: मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड या वाटेनं आठ-दहा तास. पैसे पुरोल्यापर्यंतच काढून घ्यायचे, वर फोनचं नेटवर्कही धरू नये. गोविंद वन्यजीव क्षेत्राचा परवाना आणि शुल्क लागतं. आधारच्या दोन-दोन प्रती, तंदुरुस्तीचा दाखला आणि सांकरीतला स्थानिक गाईड, एवढं असलं की काम होतं.

आता उंचीचं गणित. आमचं गाव समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास. सांकरी सुमारे १,९५० मीटर, पहिला मुक्काम जुडा का तालाब २,७५०, बेस कॅम्प ३,४००. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नुसत्या उंचीमुळेच गाव आणि बेस कॅम्प यांत २० अंशांचा फरक. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वमान्य ठोकताळा आहे. जुडा का तालाब ते बेस कॅम्प ही उडी ६५० मीटरची. म्हणून तलावावर एक जादा रात्र ठेवलेली बरी, आणि वसंतात तर ती तशीही लागतेच.

ती का लागते, हे वसंतातली हवा बिघडते कशी यावरून कळतं. ती दोन तऱ्हांनी बिघडते आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली तऱ्हा रोजची. सकाळी आभाळ निळंशार. ऊन चढलं की दरीतली गरम हवा ओल घेऊन वर सरकते, दहाच्या सुमारास शिखरांच्या खांद्यावर कापसाच्या गाठोड्यांसारखे ढग बसतात, बारापर्यंत ते उंच वाढतात, त्यांचा तळ काळपट होतो, आणि एक ते चारच्या मध्ये गडगडाट, गारा, पाऊस. संध्याकाळी पुन्हा मोकळं. याला उपाय घड्याळाचा: पहाटे निघा, बाराच्या आत तंबूत या. दुसरी तऱ्हा पश्चिमी विक्षोभाची. भूमध्य समुद्राकडून येणारी ही प्रणाली हिमालयावर एक ते तीन दिवस ठाण मांडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे हरभरा-गहू झोपवणारी गारपीट होते, तिच्यामागेही बरेचदा हीच प्रणाली असते, बंगालच्या उपसागराची ओल तिला येऊन मिळते. २०१४ ची गारपीट ज्यांनी वावरात उभं राहून पाहिली त्यांना तिची ताकद वेगळी सांगायला नको. ही आली की पहाटे लवकर निघूनही उपयोग नाही. सकाळपासूनच झाकोळ असतो. उपाय एकच, जागेवर बसून राहणं. जादा दिवस हाताशी नसला की माणसं नको त्या हवेत चढतात.

ती येण्याच्या खुणा आदल्या दिवशी दिसतात. खूप उंचावर घोड्याच्या शेपटीसारखे पांढरे फराटे, मग दुधट पडदा, सूर्याभोवती खळं. खळं आपल्याकडेही पाहतात, पावसाची खूण म्हणूनच पाहतात. उंची दाखवणारं, हवेच्या दाबावर चालणारं घड्याळ असेल तर आणखी सोपं. तंबू हलला नाही आणि रात्रीतून घड्याळ ३०-४० मीटर उंची जास्त दाखवायला लागलं, म्हणजे दाब पडला. सांकरी सोडण्याआधी हवामान खात्याचा उत्तरकाशी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज उतरवून घ्यायचा. वर या खुणा आणि गाईडचा अनुभव, एवढंच हाती असतं.

सांकरीहून जुडा का तालाब चार-पाच तासांचा चढ. देवदार, बांज (तिकडचा ओक) आणि त्यांच्यात लालभडक फुललेला बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. पळस फुललेला पाहून आलेल्या डोळ्यांना हा रंग ओळखीचा वाटतो. अडीच वाजता तलावाशी पोचायला आणि गारा सुरू व्हायला एकच गाठ पडली. मोठ्या गारा नव्हेत. हातावर घेतल्या तर भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या मऊ, पांढऱ्या, बोटानं दाबल्या की फुटणाऱ्या. त्या अंगावरून घरंगळून जातात म्हणून माणूस जॅकेट न घालता चालत राहतो. मानेवर, सॅकच्या पट्ट्याखाली, बाहीच्या घडीत साचतात आणि दहा मिनिटांत अंगाच्या उबेनं वितळून पाणी आत उतरतं. पहिली गार पडली की थांबायचं, जॅकेट घालायचं, मग चालायचं. जॅकेट सॅकच्या सगळ्यात वर हवं, तळाशी नाही.

मुक्कामावर पोचल्यावर क्रम ठरलेला असावा. आधी तंबू, मग ओले कपडे बदलणं, मग चहा. चहा आधी घेतला की अंग थंडावतं आणि बदलायचा कंटाळा येतो. कोणी सारखा थरथरत असेल, बोलणं अडखळत असेल, बोटांनी चेन लावता येत नसेल, तर त्याला लगेच कोरडं करून स्लीपिंग बॅगमध्ये घाला आणि गोड गरम पाणी द्या. भान नीट नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका. दारू अजिबात नाही, तिनं कातडीकडे रक्त येऊन उरलीसुरली ऊब निघून जाते. थरथर आपोआप थांबली आणि माणूस सुस्तावला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका, ती जास्त वाईट खूण आहे.

दुसऱ्या दिवशी सूर्याला खळं होतं, गाईडही नको म्हणाला. आम्ही तलावावरच थांबलो. दुपारी २०० मीटर वर चढून परत आलो, म्हणजे शरीराला उंचीची ओळख होते आणि झोप खालीच मिळते. रात्री बर्फ पडला, पहाटेपर्यंत चारेक बोटं. पडणाऱ्या बर्फाचा आवाज येत नाही. आवाज थांबला म्हणून पाऊस थांबला असं वाटतं, आणि तंबू हळूहळू चेहऱ्याकडे वाकत येतो. दर दोन तासांनी एकानं उठून आतून कापडावर थापा मारायच्या, बर्फ घसरतो. थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद करायची सवय मोडावी. तीन माणसांच्या श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे आतल्या आत ठिबकते. वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली की अंथरूण कोरडं राहतं. आणि बंद तंबूत स्टोव्ह पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्टोव्हची आणखी एक गोष्ट. साध्या ब्युटेनच्या डब्यातला वायू शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचाच थांबतो. डबा भरलेला असतो आणि ज्योत मरते. रात्री तो डबा स्लीपिंग बॅगेत उशाशी घेऊन झोपायचं, फोन आणि टॉर्चचे सेलही. पाण्याची बाटली उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी तोंडाशी पाणी मोकळं मिळतं. ओले बूट पिशवीत घालून पायाशी, नाहीतर पहाटे ते लाकडासारखे होतात.

खाण्याबद्दल. वऱ्हाडी माणसाला वरण लागतं, पण ३,४०० मीटरवर पाणी सुमारे ८९ अंशालाच उकळतं आणि तुरीची डाळ तास-दीड तास उकळूनही कच्चीच राहते, गॅस संपतो. कुकर नसेल तर तूर नेऊ नका. मुगाच्या डाळीची खिचडी होते. आमच्या सॅकमधली सगळ्यात कामाची चीज निघाली सातूचं पीठ. गरम पाणी, गूळ, चिमूटभर मीठ, दोन मिनिटांत पोटाला आधार. उंचीवर भूक मरते, तेव्हा चावावं लागत नाही असं अन्न जातं. चालताना खिशात शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ. ठेचा न्या, तोंडाला चव येते, पण पहाटे चढाईआधी खाऊ नका. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, तहान नसली तरी.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणं, यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की ती विरळ हवेची बाधा समजायची आणि पुढे चढायचं नाही. आराम करूनही वाढली तर खाली उतरायचं. बसल्या जागी दम लागणं, खोकल्यातून फेस येणं, किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर मध्यरात्र असली तरी उतरायचं. सकाळची वाट पाहू नये. या बाधेवरच्या डायमॉक्सच्या गोळ्या नेणार असाल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष.

बेस कॅम्पहून माथ्यासाठी आम्ही पहाटे ३ ला निघालो. दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठून वर टणक कवच धरतो. पहाटे ते कवच माणसाचं वजन पेलतं, पायाखाली करकर वाजतं, बुटांना चढवलेले काटेरी स्पाइक नीट रुततात. साडेनऊ-दहानंतर तोच बर्फ खारीक भिजावी तसा मऊ होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. रुतलेला पाय ओढताना नडगी कवचाच्या कडेवर घासते, म्हणून गेटर, म्हणजे बुटापासून गुडघ्यापर्यंतचं जाड आवरण, लागतात. ऊन लागलेल्या उभ्या उतारावरून दुपारी ओला बर्फ सुटून घसरूही शकतो, तेव्हा खालून जाणारी वाट सकाळीच पार केलेली बरी.

चढताना वेग असा ठेवायचा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. थांबणं दर तासाला पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. घाम यायला लागला की थर काढायचा, थंडी वाजायची वाट न पाहता थांबताच पुन्हा घालायचा. हा काढ-घाल करण्याचा कंटाळा अनेकांना आतून भिजवतो. पाऊस न पडताच.

सातच्या आत माथा. दगडांची रास, तिच्यात त्रिशूळ, आणि समोर स्वर्गारोहिणी, काळा नाग आणि ६,३१६ मीटरचं बंदरपूछ. माथा उघडा बोडका आहे. वीज कडाडत असेल तर तिथे जाऊच नये. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर धार सोडून खाली उतरायचं, काठ्या अंगापासून दूर ठेवायच्या, एकट्या झाडाखाली जायचं नाही, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास वर यायचं नाही. आम्ही वीस मिनिटं थांबून उतरलो. तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. साडेबाराला बेस कॅम्पवर गडगडत होतं.

आपल्याला वाटतं, ऊन आपल्याला काय नवीन. बर्फावरचं ऊन वेगळं आहे. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली, नाकपुडीच्या आत, कानामागे कातडी भाजते आणि हवा गार असल्यानं ते कळत नाही. गडद, बाजूनं झाकलेला चष्मा नसेल तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन माणूस दिवस-दोन दिवस आंधळा होतो. डोक्याला बांधायचा सुती दुपट्टा आम्ही सांकरीतच ठेवला होता. वर त्याची जागा पॉलिस्टरच्या नळीसारख्या रुमालानं घेतली. तो भिजला तरी झटकून वापरता येतो.

घरी आल्यावर तंबू लगेच उघडा. ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. आमच्या अंगणात तो सावलीतही अर्ध्या तासात खडखडीत वाळतो. उन्हात टाकू नका. एप्रिलचं ऊन त्याच्या कापडावरचा लेप आणि बुटांच्या तळाचा डिंक दोन्ही खातं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दिवसातून दोनदा बदला. आणि स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, तिचा फुगा मरतो. जुन्या धोतराची मोठी खोळ शिवा, तिच्यात बॅग सैल भरा आणि माळ्यावर ठेवा. इथे मात्र कापड सुतीच हवं, कारण त्यातून हवा खेळते.